भरवसा आणि दक्षता

“माउली पाठीशी असता पाणी उकळून का प्यावे?” असा प्रश्न वारीच्या वाटेवर ऐकू येतो. स्वतःचा देह देवाच्या हवाली करण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. पण पटकीचा जंतू एकाच्या देहात थांबत नाही. विष्ठेवाटे पाण्यात उतरतो आणि प्रवाहात खाली ओंजळ भरणाऱ्याच्या पोटात जातो. त्याला कोणी विचारले होते? आपल्या भरवशापायी पणाला लागतो तो त्याचा जीव. २०२० च्या साथीत पादुका एसटीने पंढरीस गेल्या, वारकरी घरी थांबले. त्याने भक्ती उणी झाली नाही. गाडगेबाबा कीर्तनाआधी खराट्याने गाव झाडीत. शौचालय वापरावे, साबणाने हात धुवावेत. सर्वांभूती देव पाहणाऱ्याची तीही पूजाच.