मुखत्यारपत्र आणि दुसरे शील



कळमन्याच्या मार्केट यार्डावर तुमच्यापैकी कित्येकांची चूल पेटते. तेथला व्यवहार तुम्ही रोज पाहता. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यासमोर पडतो, भाव त्याच्यासमोर ठरतो, पैसा त्याच्या हातून फिरतो. म्हणून माल अडत्याचा होतो काय? मुळीच नाही. इतके वजन, इतका भाव, इतकी हमाली, इतकी तोलाई, अशी हिशोबपट्टी त्याला शेतकऱ्याच्या हातात द्यावी लागते. पट्टी न देणाऱ्या अडत्याला हमाल लोक काय म्हणतात, ते येथे छापण्याजोगे नाही.

आता हाच न्याय आपल्या घरात लावून पाहा. वृद्ध आईला पेन्शनसाठी बँकेत जाववत नाही. ती थोरल्या मुलाला मुखत्यारपत्र करून देते. पहिले दोन महिने मुलगा आईला रक्कम सांगतो. तिसऱ्या महिन्यापासून सांगत नाही. आईच्या औषधांबरोबर त्याच पैशातून नातीची फी भरली जाते, मग मोटारसायकलचा हप्ताही जातो. सासरी गेलेल्या बहिणीने विचारले तर उत्तर तयार असते : 'आईला मीच सांभाळतो ना?'

ही चोरी आहे काय? 'अदिन्नादाना वेरमणी' हे शील आपण रोज उच्चारतो. न दिलेले घ्यायचे नाही. मुलगा म्हणेल, मला तर सहीशिक्क्यानिशी दिले आहे! बंधूंनो, येथेच घोटाळा आहे. आईने दिला तो सहीचा अधिकार, पैसा नव्हे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक फार व्यावहारिक नियम आहे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने केव्हा घ्यावी? त्याची ओळख असावी, मैत्री असावी, तसे बोलणे झालेले असावे, तो जिवंत असावा, आणि आपण घेतले हे कळल्यावर त्याला आनंदच होईल हे आपल्याला ठाऊक असावे. नातीची फी या कसोटीला बहुधा उतरेल. मोटारसायकलचा हप्ता? ते आईला विचारा. विचारायला जीभ अडखळत असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

अवघड जागा पुढे आहे. आईची स्मृती गेली, तर विचारणार कोणाला? तिचा आनंद मग तोच ठरवणार, ज्याचा त्यात लाभ आहे. १८७२ चा करार कायदा येथे कठोर आहे. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. पुष्कळ घरांत नेमके उलटे समजतात. भ्रम झाल्यावरच ते कागद बाहेर काढतात. अशा वेळी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, वकिलाचा खर्च येतो, हे खरे आहे. गरिबाला तो जाच वाटतो, यात नवल नाही.

उलट आईची बुद्धी शाबूत असेल आणि केवळ हात चालत नसेल, तर मुखत्यारपत्राची घाई कशाला? दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला, म्हणजे अंगठ्यावरही पैसे काढता येतात.

आणि मुखत्यारपत्र केलेच असेल, तर मागणी होताच हिशोब देणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. आई मागणार नाही. मुलाकडे हिशोब मागायला तिला लाज वाटते. तेव्हा दर महिन्याला एका वहीत लिहा : इतकी पेन्शन, इतकी औषधे, इतकी फी, बाकी इतकी. आईला मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी बहिणीलाही घरी बोलवा.