पाटकऱ्याची किल्ली

देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात एक चारी होती. नेमकी कोणती, ते विचारू नका. राहुरी तालुक्यातल्या दहा चाऱ्यांवरचे लोक ‘ती आमचीच’ म्हणत पुढे येतील. चारीच्या माथ्याला ऊसवाले बागाईतदार, मधे कांदा-गहूवाले, आणि शेपटाला भावाभावांत वाटण्या होऊन एकरा-दीड एकरावर आलेले खातेदार.

पाणी यायचं फार लांबून. अकोले तालुक्यातल्या डोंगरात भंडारदऱ्याचं धरण आहे. मुंबई सरकारनं ते 1926 साली पुरं केलं आणि गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव त्याला दिलं. पोटात सुमारे 11 टीएमसी पाणी. धरणातून सुटलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्याला, तिथून कालव्यात, कालव्यातून चारीत. हे कुणा एका गावाच्या वर्गणीतून झालं नसतं. देवळालीकरांनी कितीही एकी केली असती तरी अकोल्याच्या डोंगरात जाऊन भिंत घालायला आणि वाटेतल्या गावांच्या रानांतून पाट काढायला सरकारच लागलं. (डोंगरात ज्यांची रानं पाण्याखाली गेली त्यांना या कामाबद्दल काय वाटलं, ही वेगळी कथा आहे, आणि ती सांगायला सरकार सहसा पुढे येत नाही.)

तर आमच्या चारीवर पूर्वी पाणी वाटून देणारा पाटकरी नव्हता. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की माथ्याचा पहिला हात मारायचा. त्याचं भरणं संपलं की दुसऱ्याचं. पाणी शेपटाला पोचेपर्यंत कालवा बंद व्हायची वेळ यायची. मग रात्री फावडी घेऊन माणसं उठायची. कुणी कुणाचं बारं फोडायचं, कुणी कुणाचं डोकं. शेवटी शेपटाकडची मंडळी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, “साहेब, आम्हाला एक माणूस द्या.”

साहेबांनी पाटकरी दिला. त्याच्याकडे दोन वस्तू होत्या : मोरीच्या दरवाज्याची किल्ली आणि एक वही. वहीत शेजपाळी लिहिलेली. कुणाची पाळी कधी लागणार, किती तासांची, सगळं ओळीनं. बड्याचं नाव मोठ्या अक्षरात नाही की लहानाचं बारीक नाही. पहिल्याच आवर्तनात शेपटाचा गहू भिजला. लोकांनी पाटकऱ्याला फेटा बांधला. फेटा त्यानं मिळवलेलाच होता, यात वाद नाही.

चूक त्यानंतर झाली, आणि ती कुणा एकाची नव्हती.

एक जण म्हणाला, “पाटकरी भाऊ, आमच्या दोघांत बांधाचं भांडण आहे. तुम्ही निष्पक्ष माणूस, तुम्हीच तोडा.” पाटकऱ्यानं ते तोडलं. दुसरा म्हणाला, “चारीत गवत माजलंय, सरकारी चारी आहे, सरकारनंच काढावं.” पाटकऱ्यानं वर कळवलं. तिसरा म्हणाला, “शेजाऱ्यानं घास लावलाय, त्याला पाणी जास्त जातं, घास लावायला बंदी करा.” पाटकऱ्यानं तीही नोंद केली. कुणी म्हणालं, किती वाजता बारं धरायचं तेही तुम्हीच सांगा. पाटकरी सांगू लागला. वही एक होती, तिच्या सात झाल्या.

इथं थांबून एक सांगायला हवं. सरकार माजलं, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कुणीतरी लोभी अधिकारी असतो. या चारीवरचा पाटकरी लोभी नव्हता. त्यानं स्वतःहून एकही काम अंगावर घेतलं नाही. प्रत्येक काम कुणीतरी अर्ज करून त्याच्याकडे नेलं, आणि प्रत्येक अर्जदाराला आपला अर्ज रास्तच वाटत होता. पाटकऱ्याचा दोष एवढाच, की त्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

पूर्वी दिवाळीच्या आधी प्रत्येक जण आपल्या रानापुढची चारी साफ करायचा. कुणी केली नाही तर वरचा-खालचा शेजारी त्याला पारावर लाजवायचा. आता सगळे टेंडरची वाट बघू लागले. टेंडर निघालं ते आवर्तन संपल्यावर. चारीत गाळ बसला, पाणकणसं उभी राहिली, पाणी तुंबून माथ्याच्या रानात पसरलं. पाटकरी भांडणांच्या तारखांना फिरत होता, त्यामुळे मूळ किल्ली खिशात राहिली आणि दरवाजा दिवसदिवस तसाच उघडा. शेपूट पुन्हा कोरडं. सरकार चारीवर कधी नव्हतं इतकं हजर होतं, आणि पाणी कधी नव्हतं इतकं गैरहजर.

मग लोक चिडले. माथ्याचा एक तरुण, शिकलेला, पारावर उभा राहून म्हणाला, “हा पाटकरीच नको! आमची चारी, आमचं पाणी, आमचं आम्ही बघू.” टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त टाळ्या माथ्याकडून पडल्या, हे शेपटाकडच्या एका म्हातारीनं हेरलं. पण त्या दिवशी ती बोलली नाही.

पाटकरी गेला. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्याच रात्री कालव्याच्या भरावावर डोंगळे पडले. जाड नळ्या पाण्यात बुडवल्या, दुसरं टोक रानात. न पाळी, न तास. माथ्याच्या उसात गुडघाभर पाणी. पैसे एकरावर मोजायचे, पाण्यावर नाही, मग हात आखडता का घ्यायचा? प्रवरेच्या कालव्यांखाली हे नवं नाही. काळी जमीन पाणी पिऊन पिऊन फुगते, खालचा क्षार वर येतो आणि सोन्यासारखं रान चोपण होतं. इंग्रजांच्या काळापासून या पट्ट्यात तशी रानं पडली आहेत. त्या तरुणाच्या रानाच्या कडेला दोन हंगामांत पांढरी झाक दिसू लागली. शेपटाच्या रानात मात्र ढेकळंच होती. एकाचं रान पाण्यानं मेलं, दुसऱ्याचं पाण्यावाचून.

तेव्हा म्हातारी बोलली. पार तोच. तिनं जुन्या पाटकऱ्यालाही बोलावून घेतलं होतं.

“दादा,” ती त्याला म्हणाली, “मोरीवर पाणी किती सुटलं, हे मला माझ्या बांधावरून दिसतं का रं?”

“नाही, आजी.”

“वरच्या गावानं कालव्यातून किती उचललं, ते दिसतं?”

“ते तर मलाही धड दिसत नाही.”

“मग ते तू बघ. तुझ्या साहेबाला बघायला सांग. मोरीपाशी पट्टी रंगव, किती पाणी दिलं ते मोज, आणि मापात दे. आता माझ्या शेजाऱ्यानं किती वेळ बारं धरलं, ते मला दिसतं का?”

“दिसतं की.”

“त्याच्या पुढची चारी त्यानं साफ केली का नाही?”

“तेही दिसतं.”

“मग त्यात तू पडू नको. जिथवर आमची नजर पोचती तिथवर आमचं आम्ही. नजरेपलीकडं तू.”

माथ्याचा तरुण मुकाट ऐकत होता. तो म्हणाला, “आजी, तुम्हाला दिसत असूनही मी पाणी ओढलं तर? दिसतं म्हणून काय मी ऐकेन?”

“नाही ऐकायचास. तू कुठं ऐकलास?” म्हातारी हसली. “आधी घरी येऊन सांगू. मग चारीवरचे सगळे मिळून दंड करू. तरी नाही ऐकलंस तर याला बोलवू, आणि याच्या मागं कायदा असंल. पण याला शेवटी बोलवायचं. आम्ही याला पहिल्यांदा बोलवलं, तिथं घोळ झाला.”

एवढं साधं आहे का हे? गोष्टीत असतं. पण शेजारच्या नेवासे तालुक्यात, चांद्याला, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या एका चारीवर 1989 च्या सुमारास शेतकऱ्यांनी दत्त सहकारी पाणी वापर संस्था चालवायला घेतली. खात्यानं चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचं, आत वाटप आणि वसुली संस्थेनं करायची, हा तिचा मूळ करार. त्याच्याही कितीतरी आधीपासून धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या फडाला कधी, हे शेतकरीच ठरवायचे आणि पाटकरी त्यांनी नेमलेला असायचा. पुढे 2005 साली राज्यानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदाच केला : पाणी एकेका खातेदाराला नाही, संस्थेला मोजून द्यायचं. कायदा म्हातारीच्या मनासारखा. पण वरून हुकूम सुटला की खाली आकडा भरावा लागतो, तसं इथंही झालं. अनेक संस्था निघाल्या त्या कागदावरच. अध्यक्ष, सचिव, शिक्का सगळं आहे, मोरीवर मोजपट्टी नाही. स्वतःच्या पायावर उभे राहा, असं परिपत्रक काढून कुणी उभं राहत नसतं. आणि तोंडाशी पाणी मोजून द्यायचं जे सरकारचं खरं काम, तेच नेमकं राहून जातं, कारण त्यात उद्घाटन नाही.

आमच्या चारीवर मात्र पट्टी रंगवली गेली. पुढच्या आवर्तनाला पाणी आधी शेपटाला दिलं आणि तिथून वर माथ्याकडे पाळी सरकत आली. माथ्याच्या तरुणाची पाळी सगळ्यात शेवटी. आता शेपटापर्यंत पाणी पोचल्याशिवाय त्याची पाळी लागत नव्हती, म्हणून चारी साफ करायला फावडं घेऊन तोच पहिला उतरला. पाणी मापानं मिळू लागल्यावर त्यानं उसाला गुडघाभर पाणी देणंही सोडलं. जास्तीच्या पाण्याचे पैसे आता वेगळे पडत होते. रानाची पांढरी झाक लगेच गेली नाही. ती जायला चर खणून पाण्याचा निचरा करावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात.

चारीवर परतलेल्या पाटकऱ्याला सात वह्यांपैकी सहा परत करायच्या होत्या. ऑफिसनं त्या घ्यायला नकार दिला. वह्या परत घेण्याचा नमुनाच नव्हता.

महिन्याभरानं मधल्या भागातला एक खातेदार अर्ज घेऊन आला. शेजाऱ्याच्या बांधावरच्या बाभळीची सावली त्याच्या कांद्यावर पडत होती, तरी सरकारनं योग्य ती कारवाई करावी. पाटकऱ्यानं अर्जावर लिहिलं, ‘हे माझं काम नाही. शेजाऱ्याशी बोला.’ अर्जदार तडक वर गेला. आठवड्यात पाटकऱ्याला पत्र आलं : कारवाई का केली नाही, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

पाटकऱ्यानं खुलासा लिहिला आणि पारावर झालेल्या ठरावाची नक्कल जोडली. ठरावाखाली चारीवरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या होत्या. अर्जदाराचीही होती.