खाडीच्या दोन काठांचा हिशेब

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावं दिसतं. मध्ये वाशिष्ठीची खाडी. जंगलजेट्टी काठाला लागते, साखळ्यांचा खडखडाट करत तिचा लोखंडी दरवाजा खाली येतो. आधी दुचाक्या चढतात, मग चारचाक्या. एक पोरगा गाडीच्या टपावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे, बास" करत दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा ठेवून त्या लावून घेतो. टोपल्या घेतलेल्या बायका कठड्याशी बसतात. दहा-पंधरा मिनिटांत सगळे गुहागर तालुक्यात उतरलेले असतात. हीच फेरीबोट नसेल, तर गाडीवाल्याला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून जास्त वळसा घालून समोरच्या काठावर यावं लागतं. २००३ साली ही सेवा सुरू झाली. त्याआधीही माणसं होडीने पार होत होती, पण गाडी मात्र या काठाची या काठालाच राहायची.

असे काठ कोकणात ठिकठिकाणी आहेत. धरमतरच्या खाडीवर रेवस आणि करंजा, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा आणि दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला आणि वेसवी, शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ आणि जयगड. या सगळ्यांना जोडून रेवसपासून थेट वेंगुर्ले तालुक्यातल्या रेड्डीपर्यंत किनाऱ्याने रस्ता न्यायचा, हे स्वप्न बॅरिस्टर अंतुले यांचं. १९८० साली ते मुख्यमंत्री झाले आणि रेवस-रेड्डी हा शब्द कोकणात रुजला. लांबी सुमारे ५०० किलोमीटर. गेल्या चार दशकांत या मार्गावरचे काही पूल सुटेसुटे झाले, काही आमदारांच्या आग्रहाने, काही गावांच्या रेट्याने. मोठी मुखं मात्र तशीच उघडी राहिली. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत, पुलाचे खांब उभे राहिले आणि काम थांबलं, खालून फेरीबोट चालूच राहिली. आता रस्ते विकास महामंडळाने रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड असे राहिलेले पूल एकत्रितपणे हाती घेतले आहेत. या वेळी रस्ता पुरा होईल अशी चिन्हं आहेत. म्हणूनच तो कसा व्हावा, हे आत्ताच बोलायला हवं.

मी या रस्त्याच्या बाजूचा आहे. रात्रीची शेवटची फेरी गेल्यावर कळा सुरू झालेली बाई, परीक्षेच्या दिवशी वाऱ्यामुळे थांबलेली बोट, पावसाळ्यात उधाणाकडे बघत धक्क्यावर ताटकळणारी माणसं ही ज्यांच्या घरची गोष्ट आहे, त्यांना फेरीबोटीचं सौंदर्य सांगायला जाऊ नये. पूल हवेतच. प्रश्न आहे तो पूल नक्की कोणासाठी आणि कुठल्या प्रवासासाठी आखायचा, याचा.

किनारा मागे का पडला, ते पाहिलं तर या प्रश्नाचं मूळ सापडतं. एके काळी समुद्र हाच कोकणचा हमरस्ता होता. मुंबईहून निघालेली आगबोट एकेका बंदरासमोर खोल पाण्यात उभी राही, माणसं आणि सामान पडावातून उतरे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही तेव्हा वाटेवरची गावं होती. त्या वाटेनं जीवही घेतले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे आगबोटींचा काळ सरला. त्यांच्या जागी जे आलं ते सगळं आत आलं. मुंबई-गोवा महामार्ग महाड, चिपळूण, लांजा, कणकवली असा गेला. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही साधारण त्याच अंगाने गेली. अभियंत्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण नदी वरच्या अंगाला अरुंद असते आणि पूल लहान लागतो. पण त्यामुळे मुखावरची गावं वाटेवरून उठली आणि टोकाला जाऊन बसली. बोट बंद झाली होती आणि रस्ता आला नव्हता, अशा मधल्या काळात किनाऱ्याच्या दोन पिढ्या गेल्या. मुंबईच्या चाळींमध्ये या गावांची मंडळं का भरली, याच्या अनेक कारणांत हेही एक आहे.

त्याहून खोल गेलेली गोष्ट प्रशासनाची आहे. नकाशा काढून बघा. सावित्रीची खाडी म्हणजे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द. विजयदुर्गची खाडी म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची. वाशिष्ठीच्या मुखाशी दापोली संपतो आणि गुहागर सुरू होतो, शास्त्रीच्या मुखाशी गुहागर संपून रत्नागिरी तालुका लागतो. कचेरीला पाणी दिसलं की तिथे रेघ मारायची सवय आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र तेच पाणी दोन्हीकडच्यांचं असतं. खारवी, भंडारी, कोळी, दालदी यांची सोयरीक आरपार चालते. जाळी त्याच पाण्यात पडतात. एका काठाचा उरूस आणि दुसऱ्या काठाची पालखी दोन्हीकडच्यांना लागू असते. खाडी ही त्या वस्तीच्या मधोमध असते, सरकार मात्र तिला कडेला धरून चालतं.

याचा परिणाम रोजच्या जगण्यात फार नेमका दिसतो. वेसवी-बाणकोटच्या माणसाला मंडणगडापेक्षा श्रीवर्धन जवळ पडतं, फक्त मध्ये सावित्री आहे. पण त्याचं तहसील मंडणगडात, पोलीस ठाण्यापासून रेशनच्या कागदापर्यंत सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. एसटीचंही तसंच. श्रीवर्धनची गाडी रायगड विभागाची, मंडणगडची रत्नागिरी विभागाची, आणि दोन्हींच्या फेऱ्या आपापल्या काठाला येऊन संपतात. उद्या पूल झाला आणि बाकी सगळं असंच राहिलं, तर काय होईल? पुण्या-मुंबईची गाडी हरिहरेश्वराहून वेळासला न थांबता जाईल. वेसवीतल्या म्हातारीला मात्र श्रीवर्धनच्या दवाखान्यात जायला एसटी नसेल. तिला गाडी सांगावी लागेल, आणि ती आजच्या फेरीबोटीच्या तिकिटाच्या कितीतरी पट महाग पडेल.

पायी माणसाच्या बाजूने पाहिलं, तर पुलाचा आणखी एक हिशेब निघतो. आज तो धक्क्यावर उतरतो आणि धक्क्यावर चढतो, गावातून गावात. पूल मात्र गावातून निघत नाही. खालून मच्छीमार बोटी जायच्या म्हणून तो उंच ठेवावा लागतो, उंचीसाठी दोन्हीकडे लांब चढाव लागतो, आणि तो चढाव बहुधा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेतून किंवा कातळाच्या सड्यावरून सुरू होतो. म्हणजे धक्क्यापासून पुलाच्या तोंडापर्यंत चालणं, मग उन्हात आणि वाऱ्यात पूल, मग पलीकडून पुन्हा गावापर्यंत चालणं. वाहन नसलेल्या माणसासाठी पूल झाल्यावर प्रवास लांबू शकतो, ही गोष्ट आराखड्यात कुठे मांडलेली मला दिसत नाही. यावर उपाय अवघड नाहीत. पुलावर कठड्याआतली पायवाट, चढावाच्या तोंडाशी एसटीचा आणि सहा आसनी रिक्षांचा थांबा, आणि दोन्ही आगारांनी मिळून चालवलेली काठ-ते-काठ फेरी. पुलाच्या एकूण खर्चात हे नगण्य आहे. पण निविदेत पहिल्या दिवशी नसेल, तर नंतर होत नाही.

रस्ता किती रुंद करायचा, हा प्रश्नही याच अंगाने सोडवता येतो. मुंबईहून गोव्याला लवकर पोचायचं, तर त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे आणि कोकणच्या माणसाने त्यापायी काय सोसलं, ते प्रत्येक गणपतीत दिसतं. शिवाय कोकणासाठी स्वतंत्र द्रुतगती महामार्गाचाही आराखडा झालेला आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्टीत वेगासाठी तिसरा रस्ता हवा, असं मला वाटत नाही. किनाऱ्याचा रस्ता ज्या कारणासाठी हवा, ते कारण दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला जाणं हे आहे. तवसाळच्या माणसाला रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, तर एक फेरीबोट किंवा आत जाऊन राई-भातगावच्या पुलाचा वळसा. त्याचे तास वाचले की रस्ता सार्थकी लागला. मग पैसा आधी पुलांवर खर्च व्हावा आणि मधला रस्ता आहे त्या आखणीवर दुपदरी, नीट पाणी वाहून नेणारा, वळणांवर सावध असा झाला तरी चालतं. रुंद रस्त्यासाठी नारळी-पोफळीच्या वाडीतून पंचेचाळीस मीटरचा पट्टा काढला, की वाडीच जाते. अर्ध्या एकराच्या मालकाला मोबदला मिळतो, पण शेजारची विहीर आणि पाटाचं पाणी मोबदल्यात येत नाही.

रस्ता गावाबाहेरून, सड्यावरून न्यावा, असं यावर सुचवलं जातं. सडा म्हणजे ओसाड कातळ असं समजणारा माणूस हे सहज बोलतो. जांभ्याचा तो कातळ पावसाचं पाणी मुरवतो आणि उतारावरच्या झऱ्यांना, विहिरींना पुरवतो. शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, रुंढ्ये तळी ही त्यांतली काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. न सापडलेली अजून असणारच. म्हणून सड्यावर जेसीबी चढवण्याआधी तिथली गुरं राखणारी माणसं सोबत घेऊन कातळ पायाखाली घालावा. या शिल्पांची माहिती अभ्यासकांआधी त्यांनाच असते.

खाडीच्या अंगाचंही पाहायला हवं. खांबांमुळे प्रवाह बदलतो, गाळ नव्या जागी बसतो. आधीच गाळाने भरलेल्या या खाड्यांमध्ये ज्या नळीतून होड्या समुद्रात जातात, ती नळी एका पावसाळ्यात सरकली तर बंदर बसतं. भराव घालून केलेला पोचरस्ता खारजमिनीतून गेला, तर तो धरणासारखा वागतो. खारबंदिस्तीच्या उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, भरती-ओहोटीच्या तालावर उघडायच्या आणि मिटायच्या असतात. भरावाने पावसाचं पाणी अडलं की भातशेती कुजते आणि कांदळवन आत सरकतं. पोचरस्त्याचा तेवढा भाग खांबांवर उचलला तर हे टळतं. महाग आहे, पण शेत गेल्यावरचा हिशेब त्याहून महाग.

आणि फेरीबोट? पूल झाला की ती बंद होणार, हे सगळे गृहीत धरतात. पण पूल कायम चालू राहीलच असं नाही. सावित्रीवरच, वरच्या अंगाला, आंबेत-म्हाप्रळचा पूल आहे. आंबेत म्हणजे अंतुल्यांचं गाव. हा पूल खराब होऊन दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा दोन्ही काठांची वाहतूक चालावी म्हणून तिथे फेरीबोट आणावी लागली. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, काँक्रीट फुटतं. महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला, ते कोकणातलं कोणीही विसरलेलं नाही. धक्के, जेट्टी आणि बोटी चालवणारी माणसं ही व्यवस्था एकदा मोडली तर संकटाच्या दिवशी उभी राहत नाही.

नॉर्वेत पूल की फेरीबोट हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला. क्रिस्तियानसान ते त्रोंदहाइम हा तिथला किनाऱ्याचा ई-३९ मार्ग सुमारे ११०० किलोमीटर, वाटेत सात फेरीबोटी. सगळ्या फेरीबोटी काढून पूल आणि बोगदे करायचे, असं त्यांनी ठरवलं. स्ताव्हांगरजवळ समुद्रतळाखालून सुमारे २७ किलोमीटरचा रोगफास्त बोगदा त्यातलाच. पण सोग्ने फ्योर्डसारख्या ठिकाणी पाणी हजार मीटरहून खोल आहे, आणि खर्च पाहून काही पार करण्याच्या जागा पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच फ्योर्डवर, त्याच मार्गावर, २०१५ साली त्यांनी बॅटरीवर चालणारी 'अँपेअर' ही गाड्या नेणारी फेरीबोट सुरू केली. पुलाची वाट पाहत असताना बोट सुधारणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याकडे पुलाची घोषणा झाली की धक्क्याच्या दुरुस्तीचा निधी थांबतो. घोषणा ते उद्घाटन या मधल्या काळात एक आख्खी पिढी त्याच मोडक्या धक्क्यावरून चढते-उतरते.

जमिनीबद्दल थोडक्यात. किनाऱ्यालगतच्या गावांत विकास केंद्रं काढण्यासाठी रस्ते विकास महामंडळालाच नियोजन प्राधिकरण नेमलं आहे. जो रस्ता बांधतो, तोच आजूबाजूची गावं आखणार. मुंबईतल्या वारसदारांच्या सह्या घेऊन सातबारे हलत आहेत, गावात राहणाऱ्याला कुंपण पडल्यावर कळतं. रस्त्याची आखणी पक्की होताना काठावरच्या ग्रामसभांपुढे नकाशा मराठीत, गट क्रमांकांसह, जाहीर लावला गेला पाहिजे. दोन काठांची ग्रामसभा एकत्र भरली तर आणखी चांगलं. कायद्यात तसं कलम नसलं तरी तहसीलदारांना ती बोलवायला कोणी अडवलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात बाणकोटच्या पुलापासून करता येईल, कारण तिथे दोन जिल्हे समोरासमोर आहेत. रायगड आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पूल खुला होण्याच्या वर्षभर आधी एका टेबलावर बसून तीन गोष्टी लिहून काढाव्यात: वेसवी-बाणकोटच्या रुग्णाला श्रीवर्धनच्या रुग्णालयात हद्दीचा प्रश्न न येता कसं घेतलं जाईल, श्रीवर्धन आणि मंडणगड आगारांची आरपार एसटी दिवसातून किती वेळा आणि कुठल्या धक्क्यापर्यंत येईल, आणि बागमांडला-वेसवी फेरीबोट कुठल्या वेळांना चालू राहील व तिच्या धक्क्यांची देखभाल कोणाच्या अंदाजपत्रकातून होईल.