म्हातारपणाचा वाटा

पुष्कळ घरांत फंडाचे पैसे निवृत्तीची तारीख येण्याआधीच निम्मे संपलेले असतात. थोडे थोरलीच्या लग्नाला काढलेले, थोडे धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या फीला, उरलेले घराच्या स्लॅबला. साखर कारखान्यातला फिटर असो, एसटीचा चालक असो की सूतगिरणीतला कामगार, त्याने साठवलं नाही असं म्हणता येणार नाही. त्याने साठवलं आणि मुलांसाठी मोडलं. उतारवयात अशा माणसाचा खर्च जड वाटू लागला, की घरातल्या मुलांच्या शिक्षणाला पैसा कुठून आला होता, ते आधी आठवावं.

फंड संपल्यावर आधार उरतो निवृत्तिवेतनाचा. खासगी आणि सहकारी क्षेत्रातल्या कामगारांना लागू असलेल्या 1995 च्या योजनेत 2014 साली किमान निवृत्तिवेतन ठरलं महिना 1000 रुपये. त्याला महागाई भत्त्याची जोड नाही. डाळ महागते, औषध महागतं, हातात पडणारी रक्कम मात्र तेवढीच राहते. नवरा गेला की बायकोला त्याच्या साधारण निम्मं मिळतं. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या निवृत्तिवेतनधारकांच्या आंदोलनातले वृद्ध गेली कित्येक वर्षं 7500 रुपये आणि महागाई भत्ता मागत आहेत. आयुष्यभर राबलेल्या माणसांना त्यासाठी उतारवयात रस्त्यावर बसावं लागतं, याची आपल्या सगळ्यांना लाज वाटायला हवी. शेतमजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल यांच्या वाट्याला तर फंडही नसतो. त्यांच्यातल्या अगदी गरिबांना श्रावणबाळ योजनेचा काय तो आधार.

शासनाकडे हे मागत राहिलंच पाहिजे. पण घरातही एक गोष्ट बदलायला हवी. आईवडील आपली गरज सांगत नाहीत. ‘आम्हाला काय लागतं, दोन घास,’ एवढंच म्हणतात आणि रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर टाकतात. मुलांना वाटतं, त्यांचं भागतंय. भावंडांपैकी कोणी किती द्यायचं, हे कधी ठरत नाही. जवळ राहणाऱ्याच्या खिशातून जात राहतं आणि मनात कटुता साठते. मग एके दिवशी दवाखान्याचं मोठं बिल येतं. पंचेचाळिशीतला मुलगा त्यासाठी स्वतःचा फंड मोडतो. पुढे पोरीच्या कॉलेजसाठी उरलासुरलाही काढतो. वीस वर्षांनी त्याच्या वडिलांच्या जागी तो असतो आणि त्याच्या जागी त्याची मुलगी.

प्रत्येक पिढी प्रेमापोटीच हे करते, म्हणून त्यातली चूक दिसत नाही. म्हातारपणासाठी पैसे बाजूला ठेवताना आईबापांना आपण मुलांच्या तोंडचा घास काढतोय असं वाटतं. खरं तर तो वाटाही मुलांसाठीच असतो. उद्या त्यांना स्वतःच्या संसाराची आणि आपल्या औषधांची एकाच वेळी ओढाताण करावी लागू नये, म्हणून तो ठेवायचा असतो.

त्याला मोठी मिळकत लागतेच असं नाही, वेळेवर सुरुवात लागते. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना 5000 रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला 210 रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर 1454. तेव्हाच्या महागाईत 5000 पुरणार नाहीत, हे उघड आहे. पण उशिराची किंमत काय, ते या दोन आकड्यांत दिसतं.

या रविवारी भावंडांनी आईवडिलांसोबत बसावं. बहिणींनाही बोलवावं आणि सगळं उघडपणे विचारावं : औषधांना किती लागतात, बँकेत किती आहेत, दवाखान्याची वेळ आली तर कोण काय उचलणार? आईच्या नावावर वेगळं काही आहे का, हे तर आवर्जून विचारावं, कारण मागे बहुधा तीच राहते. आणि त्याच बैठकीत प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या म्हातारपणाचा हप्ताही ठरवावा. पोरांच्या फीसारखाच तोही चुकवता येणार नाही, असा.