मेंदूचे चित्र आणि धम्माची कसोटी



आजकाल आपल्या घराघरांत मोबाईलवर एक चित्र फिरत असते. मेंदूचा करडा छेद, त्यावर लाल-पिवळे ठिपके, आणि खाली मजकूर : ‘ध्यानाने मेंदू वाढतो, बुद्धाचे म्हणणे विज्ञानाने सिद्ध केले.’ ते पाहून आपला ऊर अभिमानाने भरून येतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अडाणी म्हणून हिणवले गेले, त्यांच्या धम्माला प्रयोगशाळेने मान दिला, याचा आनंद का होऊ नये? परंतु येथे नीतीचा एक प्रश्न उभा राहतो. जो पुरावा आपला अपमान करतो त्याची आपण कसून तपासणी करतो. जो पुरावा आपला गौरव करतो, त्याचीही तितकीच कसून तपासणी करावयास आपण बांधलेले आहोत की नाही?

आपण बांधलेले आहोत, असे माझे म्हणणे आहे. आणि इतरांपेक्षा आपण अधिक बांधलेले आहोत. त्याचे कारण इतिहासात आहे.

माणसाचे डोके मोजण्याचे शास्त्र प्रथम वापरले गेले ते माणसाला खाली ढकलण्यासाठी. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सॅम्युअल मॉर्टन नावाच्या डॉक्टराने कवट्या गोळा केल्या. त्यांत आधी बारीक दाणे व पुढे शिशाचे छर्रे भरून त्याने त्यांचे आकारमान मोजले आणि १८३९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या क्रमवारीत गोरे सर्वांत वर होते. गुलामगिरीच्या समर्थकांनी त्या आकड्यांचा आधार घेतला. आपल्या देशात हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड वंशावर बसविली. यावर बाबासाहेबांनी काय केले? मोजमापांना शिव्या दिल्या नाहीत. १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे तक्तेच पुढे ठेवले आणि त्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, हे दाखवून दिले. पुरावा तपासण्याची ही रीत आपला वारसा आहे. ती केवळ प्रतिपक्षासाठी राखून ठेवता येणार नाही.

आता ही मेंदूची चित्रे निघतात कशी, ते पाहू. जर्मनीत येना येथील हान्स बर्गर यांनी डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतील विजेचे सूक्ष्म तरंग नोंदविले व १९२९ साली ते जाहीर केले. तीच आजची ई.ई.जी. तपासणी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन निघाला. त्यात क्ष-किरणांच्या साह्याने मेंदूची रचना दिसते. एम.आर.आय. हेच काम चुंबकाच्या बळावर अधिक बारकाईने करते. ते लाल-पिवळे ठिपके मात्र वेगळ्या तपासणीचे आहेत. १९९० साली सेइजी ओगावा यांनी दाखविले की, रक्तातील प्राणवायूत होणारा बदल या यंत्राला टिपता येतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त अधिक धावते. यावरून फंक्शनल एम.आर.आय. ही पद्धत निघाली.

म्हणजे हे यंत्र विचार पाहत नाही, करुणा पाहत नाही. ते रक्तातील फरक पाहते, तोही काही सेकंद उशिराने. ठिपक्यांचे रंग मेंदूत नसतात. गणित करून ते भरलेले असतात. आणि गणित चुकले तर काय होते? २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली. ढिले गणित लावताच माशाच्या मेंदूतही ठिपके उमटले! मेंदूचे हजारो बारीक चौकोन एकाच वेळी तपासले म्हणजे काही निव्वळ योगायोगाने उजळतात. वर्गातील ६४ मुलांना सहा नाणेफेकींचा कौल आधी सांगावयास लावा. सरासरीने एकाचे सहाही कौल बरोबर येतील. म्हणून त्या मुलाला दिव्यदृष्टी आहे असे आपण म्हणत नाही. कडक गणित लावताच माशाचे ठिपके नाहीसे झाले.

आता ध्यानाचे पाहू. २००४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिबेटी परंपरेतील आठ मुरलेले साधक व दहा विद्यार्थी यांची ई.ई.जी.ने तुलना केली. साधकांचे तरंग ठळकपणे वेगळे आढळले. परंतु हा फरक साधनेने आला की मुळातच होता, हे अशा एका तुलनेवरून ठरत नाही. २०११ साली बोस्टन येथील एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गानंतर १६ जणांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसल्याचे जाहीर झाले. ‘मेंदू वाढतो’ हा मजकूर अशाच अभ्यासांवर उभा आहे. पुढे २०२२ साली विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी २१८ जणांवर अधिक कडक कसोटी लावली, तेव्हा तशा ध्यानवर्गाने मेंदूच्या रचनेत बदल झाल्याचे आढळले नाही. ध्यानाविषयी आस्था असलेल्या या संशोधकांनी तो निष्कर्ष दडवला नाही, छापला. ध्यान निरुपयोगी आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. आपल्या आवडीच्या गोष्टीलाही कसोटी माफ नाही, एवढे मात्र यावरून शिकावे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावर काही स्वीकारू नका; आचरणात ते हितकारक ठरते की अहितकारक, हे स्वतः पारखा. पंचशीलाची कसोटी यंत्रात होत नाही. घरातली दारू सुटली का, खोटे बोलणे थांबले का, सुनेला लेकीप्रमाणे वागवले जाते का, यांवर ती होते. उद्या एखाद्या यंत्राने ध्यानाच्या विरुद्ध कौल दिला, तर आपण करुणा सोडणार आहोत काय?

याचा अर्थ यंत्रे टाकाऊ आहेत असा नव्हे. घरात कोणाला फिट येत असेल तर भगताकडे, देवऋषाकडे नेऊ नका. डॉक्टरकडे न्या, ते सांगतील तर ई.ई.जी. करा. कोणाचे तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, तर लिंबू-नारळ उतरवीत वेळ दवडू नका. तत्काळ इस्पितळ गाठा. रक्तस्राव झाला आहे की नाही, हे सी.टी. स्कॅन लगेच दाखवितो आणि उपचार त्यावर ठरतो. तेथे हे यंत्र जीव वाचविते.

देव्हाऱ्यातील देव आपण नदीत सोडले. त्या रिकाम्या जागी मेंदूचे रंगीत चित्र मांडून त्याला हात जोडावयाचे नाहीत. पुढच्या वेळी असा मजकूर मोबाईलवर आला की पुढे पाठविण्यापूर्वी मुलांना जवळ बसवा आणि त्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा : किती माणसांवर पाहिले? तुलना कोणाशी केली? दुसऱ्या कोणी तपासून पाहिले काय? प्रज्ञेचा अभ्यास घरात असाच सुरू होतो.

जय भीम!