रकान्यात बसणारा आकडा

मागच्या उन्हाळ्यात माहूरच्या बसस्थानकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास अडकून पडलो. वीज गेली होती. बाहेर तांबूलवाल्याचा खलबत्ता मात्र ठणाठण चालू होता. माझ्याआधी एक म्हातारा बसलेला, गुडघ्यावर कापडी पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि सातबाऱ्याचा मळका उतारा. श्रावणबाळ योजनेसाठी त्याला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. दुकानातला पोरगा फॉर्म हातानेच भरत होता.

"आजोबा, वर्षाचं उत्पन्न किती?"

म्हाताऱ्यानं हिशेब मांडायला घेतला. कापूस एवढा, सोयाबीन एवढं, त्यात बियाण्याची उधारी वजा, आणि गेल्या साली म्हैस इकली ती धरायची का? पोराचं पेन एव्हाना पुढं गेलं होतं. "एकवीस हजार लिहिलं. त्याच्यावर गेलं की पगार बसत नाही." निराधारांच्या अनुदानाला आमच्याकडं पगारच म्हणतात. मग त्यानं खाली छापलेला मजकूर एका दमात वाचून दाखवला: वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

"ही आन हाय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आनच समजा."

"मंग वर गडावर नेऊन घ्याया लावली असती, तर येकवीस हजार म्हनाया जीभ रेटली नसती."

पोरगा हसला. मीही हसलो. पण परतीच्या एसटीत मला आठवत राहिला तो वेगळाच आकडा, याच जिल्ह्यातला: ५,३७९ रुपये.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण लाखाच्या वर मतांनी निवडून आले. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, तसा त्यांनी दिला. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये, केबल टीव्हीवर ६,००० रुपये. त्याच काळात राज्यातल्या मोठ्या मराठी दैनिकांत 'अशोकपर्व' नावानं पानंच्या पानं त्यांचा गौरव छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ती पानं मोजून दाखवली: पूर्ण आकाराची ४७. एक लेख तर स्पर्धक दैनिकांत शब्दशः तोच होता, काना-मात्रेचाही फरक नाही. पैसे दिले नाहीत, असं चव्हाणांनी सांगितलं. घेतले नाहीत, असं वृत्तपत्रांनी सांगितलं. म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संपादकांना एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत, एकाच माणसाबद्दल उमाळा आला.

चव्हाणांचं नाव निघालं की लोक 'आदर्श'कडं वळतात, आणि ते साहजिक आहे. कुलाब्यातली ३१ मजल्यांची इमारत, नातेवाइकांच्या नावच्या सदनिका, नोव्हेंबर २०१०मध्ये गेलेलं मुख्यमंत्रिपद. एका राजकीय आयुष्याला पुरून उरेल एवढा ऐवज आहे तो. पण मला त्या ३१ मजल्यांपेक्षा ही चार आकडी रक्कम जास्त बोलकी वाटते. 'आदर्श'मध्ये संरक्षण खातं आहे, महसूल खातं आहे, नगरविकास आहे, लष्करातले अधिकारी आहेत. फायली इतक्या हातांतून फिरल्या की दोष कुणाच्या पदरात किती टाकायचा, यावरच वर्षं गेली. ५,३७९ या आकड्याखाली सही एकाच माणसाची आहे.

पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडं तक्रार केली. त्यावर चव्हाणांनी जे कायदेशीर म्हणणं मांडलं, ते सामान्य वाचकानं एकदा सावकाश वाचावं असं आहे. हिशेब खरा आहे, एवढंच ते म्हणणं नव्हतं. हिशेब खरा की खोटा हे पाहण्याचा आयोगाला अधिकारच नाही, असं होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ नुसार हिशेब वेळेत आणि ठरलेल्या पद्धतीनं दिला नाही, तर तीन वर्षांची अपात्रता येते. तेव्हा आयोगानं वेळ पाहावी, पद्धत पाहावी, आत काय लिहिलंय ते पाहू नये. तेव्हाच्या केंद्र सरकारनंही सर्वोच्च न्यायालयात हीच बाजू उचलून धरली. दुकानातल्या पोराला हे कायद्याच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण तोही तेच सांगत होता. रकाना भरलेला पाहिजे.

दिल्ली उच्च न्यायालयानं २०११मध्ये हे म्हणणं फेटाळलं. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१४ रोजी पुन्हा फेटाळलं आणि हिशेबाच्या खरेपणाची चौकशी आयोग करू शकतो, असं ठणकावून सांगितलं. साडेचार वर्षं फक्त एवढं ठरायला लागली. पेटी उघडायची की नाही, हे ठरलं. आत काय आहे ते पाहायचं राहिलंच होतं. जुलैमध्ये आयोगानं चव्हाणांना कारणे दाखवा नोटीस काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि ज्या विधानसभेसाठी हा हिशेब होता तिची मुदतही तेवढ्यात संपत आली.

इथं दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर नुसता शिमगा होईल. कलम ७७ खर्च मोजतं तो उमेदवारानं केलेला किंवा त्याच्या संमतीनं झालेला. स्तुती फुकट छापली असेल तर कायद्याच्या लेखी तो खर्च नव्हे, आणि पैसे दिले असतील तर त्याची पावती कुणी फाडत नाही. पावतीशिवाय अपात्र ठरवण्याचा अधिकार आयोगाला दिला, तर तो उद्या कुणावर चालवला जाईल याची खात्री कुणी द्यावी? ही भीती खोटी नाही. पण मग हेही पाहा. 'पेड न्यूज'च्या प्रकरणात आयोगानं अपात्र ठरवलेल्या पहिल्या आमदार उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या उमलेश यादव. ऑक्टोबर २०११, तीन वर्षं अपात्र. हिशेबात न दाखवलेली रक्कम २१,२५० रुपये. पक्ष एवढुसा, दिल्लीतल्या मोठ्या वकिलांची फौज नाही. आमच्या म्हाताऱ्याच्या एकवीस हजारांशी हा आकडा असा जुळावा हा योगायोगच, पण जाळ्यात कोणत्या आकाराचा मासा सापडतो हे त्यावरून कळतं.

'आदर्श'ची कायदेशीर वाट तर आणखी वळणाची. जानेवारी २०११मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला, जुलै २०१२मध्ये आरोपपत्र आलं. खटला चालवायला राज्यपालांची मंजुरी हवी. ती के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३मध्ये नाकारली. दिल्लीत आणि मुंबईत सरकारं बदलली, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये सी. विद्यासागर राव यांनी ती दिली. २२ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ही मंजुरी रद्द केली: नवा पुरावा म्हणून जे पुढं केलं गेलं, ते खटल्यात पुरावा म्हणून टिकणारं नाही. निकाल कायद्याला धरून आहे. पण दोन्ही राज्यपालांनी काय ठरवलं ते त्या-त्या सरकारकडं पाहून आधीच सांगता आलं असतं, हे न्यायालयाबाहेरच्या प्रत्येकाला माहीत आहे. चव्हाण दोषी ठरले नाहीत. साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून ते निर्दोषही ठरले नाहीत. आरोप त्यांनी कायम फेटाळले, आणि आरोपांची तड कधी लागलीच नाही.

हे एकट्या त्यांचं नाही. बॅरिस्टर अंतुल्यांनी १९८२च्या जानेवारीत सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडलं. त्यांचा खटला कोणत्या न्यायालयात चालावा यावरच सर्वोच्च न्यायालयात १९८८पर्यंत खल झाला, आणि पुढं ते केंद्रात मंत्री झाले. लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८६मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात गेले आणि कालांतरानं मंत्रिमंडळात परतले. पद जातं ते वर्तमानपत्रामुळं, परत मिळतं ते तारखांमुळं.

आता नेत्यांच्या घरच्या पैशाबद्दल. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवारांना गुन्हे आणि मालमत्ता शपथेवर जाहीर करायला लावलं. या निर्णयाचं मला मनापासून कौतुक आहे. त्याआधी आपल्याला काहीच कळत नव्हतं. पण ते शपथपत्र कुणाकुणाची मालमत्ता विचारतं? स्वतःची, जोडीदाराची, अवलंबून असलेल्यांची. सासू त्यात येत नाही. मेहुणा येत नाही. कमावता मुलगा येत नाही. 'आदर्श'मध्ये ज्या सदनिकांवरून आरोप झाले, त्या चव्हाणांच्या नावावर नव्हत्या, सासूबाईंच्या आणि इतर आप्तांच्या नावावर होत्या. तेव्हा शपथपत्रातला शब्द न् शब्द खरा असू शकतो. कमाल जमीनधारणा कायदा आला तेव्हा मराठवाड्यातल्या वाड्यांनी हा धडा आधीच गिरवला होता. भाचे, व्याही, सालगडी, सगळे एका रात्रीत खातेदार झाले. आपल्या समाजात मालमत्ता असते घराण्याची, आणि फॉर्म विचारतो माणसाला.

आणि मतदार? त्याला काही कळत नाही, असं शहरातले मित्र म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. २०१४च्या लोकसभेला देशभर लाट होती, राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या. एक नांदेड, तिथं चव्हाण स्वतः. दुसरी हिंगोली, तिथं राजीव सातव. आमचं माहूर त्याच मतदारसंघात. 'आदर्श' ठाऊक नव्हतं असा माणूस तेव्हा नांदेडात सापडला नसता. पण लोकांची वही वेगळी असते. तिच्या पहिल्या पानावर शंकरराव चव्हाण आहेत, जायकवाडी आहे, विष्णुपुरीचं पाणी आहे. पाणी वडिलांनी आणलं आणि मत मुलाला गेलं. हेही घराण्याच्या नावावरचंच खातं. पण त्या वहीत खोड नाही असंही नाही. २०१९ला त्याच नांदेडनं त्यांना हरवलं. तेव्हाही 'आदर्श' तेवढंच जुनं होतं.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारनं आधीच्या सरकारच्या कारभारावर श्वेतपत्रिका मांडली, त्यातल्या घोटाळ्यांच्या यादीत 'आदर्श' होतं. १२ तारखेला चव्हाणांनी काँग्रेस सोडली, १३ला ते भाजपमध्ये गेले, १४ला राज्यसभेची उमेदवारी. यावर विनोद खूप झाले. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की त्या आठवड्यात एकही नवा कागद निघाला नाही. ना पुरावा वाढला, ना कमी झाला. प्रकरण अर्धवट असलं की ते दोन्ही बाजूंच्या उपयोगाचं असतं, कालच्या मित्रालाही आणि उद्याच्या मित्रालाही. मिटवायची घाई मग कुणाला असणार?

त्या दिवशी वीज आली तेव्हा पोरगा फॉर्मची झेरॉक्स काढायला उठला. म्हातारा अजून हिशेबातच होता.

"बापू, पोराच्या नावावर दोन येकर हाय. ती लिवायची का?"

पोरानं फॉर्म उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"तसा रकाना न्हाई, आजोबा. हितं अंगठा लावा."