अंग ठणकतंय म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं?

लातूर

चि. बाळ,


परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. मुखेड तालुक्यातली ती चाळिशीतली बाई. वर्ष झालं, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं दुखतं म्हणते. नांदेडला जाऊन रक्त तपासून आली, एक्स-रे काढले, कुणी तरी एमआरआयसुद्धा करायला लावला आणि त्यासाठी घरातल्या शेळ्या विकाव्या लागल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता ती कागदांची पिशवी घेऊन तुझ्या ओपीडीत बसते आणि तू मला विचारतेस, "काका, हिला सांगू तरी काय?"

काय सांगायचं नाही ते आधी लिहितो. "तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नकोस. ते ऐकून ती घरी गेली की सासू म्हणते, "डाक्टरच म्हनले की काही नाही म्हणून. कामाचा कंटाळा हाय." नवरा गप्प बसतो. आठ दिवसांनी ती दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढते. तिथे 'ताकदीची' सलाईन लागते, डायक्लोफेनॅकची सुई मिळते, बऱ्याचदा सोबत डेक्सामिथासोनही. चार दिवस हुरूप येतो, मग पुन्हा तेच. वर्ष-दोन वर्षं असं चाललं की चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. आपल्या भागात असे सुजलेले चेहरे मी फार पाहिलेत. अशा दुखण्यात डेक्सामिथासोनसारख्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे, तरी ती सुई थांबत नाही, याची मला मनापासून चीड येते.

तुझ्या त्या बाईला बहुधा फायब्रोमायल्जिया आहे. जगभरात साधारण शंभरात दोन ते चार माणसांना तो असतो असं मानतात, बायकांमध्ये जास्त. पुरुषही येतात, फक्त ते "कंबर गेली" एवढंच सांगतात आणि बाकीचं गिळतात. त्यांनाही नीट विचारत जा.

निदान कुठल्याच मशिनवर होत नाही. ते ऐकून आणि हात लावून करायचं असतं. तुमच्या वॉर्डात अजून 18 दुखऱ्या बिंदूंचा तक्ता शिकवत असतील. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने 1990 मध्ये तो दिला होता: अंगठ्याने साधारण चार किलोचा दाब द्यायचा आणि 18 पैकी 11 ठिकाणी दुखलं तर निदान पक्कं. त्यात थकवा आणि झोप कुठेच नव्हती. 2010 मध्ये निकष बदलले, 2016 मध्ये आणखी सुधारले. आता शरीराचे 19 भाग मोजायचे आणि गेल्या आठवड्यात त्यातले किती दुखले ते बघायचं. त्याच्या जोडीला थकवा, झोपून उठल्यावरचा शीण आणि विसरभोळेपणा, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात कळा, उदासपणा यातलं जे असेल त्याचा एकेक गुण वाढवायचा. भाग सात किंवा जास्त आणि लक्षणांचे गुण पाच किंवा जास्त; नाही तर भाग चार ते सहा आणि गुण नऊ किंवा जास्त. दुखणं दोन हात, दोन पाय आणि पाठीचा कणा अशा पाच विभागांपैकी चारांत तरी हवं आणि किमान तीन महिन्यांचं हवं. 2016 च्या सुधारणेतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जिया असू शकतो. आमवाताच्या रुग्णाची सूज उतरली, ईएसआर खाली आला आणि तरी ती रडते आहे, तेव्हा औषध वाढवण्याआधी हे आठव.

पण आपली बाई असे गुण सांगत नसते. ती म्हणते, "समदं आंग ठणकायलंय, डाक्टर. हातापायात जीवच नाही." थकवा आणि झोप या गोष्टी दवाखान्यात सांगायच्या असतात हेच तिला वाटत नाही, तेव्हा तूच विचार. सकाळी उठल्यावर बरं वाटतं, का रात्रीपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटतं? दूध चुलीवर ठेवून विसरता का? बोलता बोलता शब्द सापडेनासा होतो का? बांगड्या काचतात, लेकराने मिठी मारली तरी दुखतं, असं होतं का? केसपेपरच्या मागे माणसाची आकृती काढ, पुढून आणि मागून, आणि पेन तिच्या हातात दे. लिहिता न येणारी बाईसुद्धा बरोबर खुणा करते. तिने अर्धी आकृती काळी केली की निदानाची दिशा तुला तिथेच कळते.

आता हात लावणं. बोटांच्या मुळांचे सांधे हलके दाबून बघ, सूज आहे का. सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर टिकतो का विचार. वजन उतरलंय, ताप येतो, खरोखर ताकद कमी झाली आहे, रात्री एकाच जागी मणका दुखतो, किंवा साठीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालंय, यातलं काही असेल तर फायब्रोमायल्जिया हा शब्द तूर्त बाजूला ठेव आणि क्षयापासून कॅन्सरपर्यंत सगळं शोध. तपासण्या थोड्याच: रक्तगणना, ईएसआर, थायरॉइड, साखर, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, जमलं तर ड जीवनसत्त्व. स्नायूंची ताकद कमी वाटली तरच सीपीके. आरए फॅक्टर आणि एएनए उगाच मागवू नकोस. निरोगी माणसातही ते कधी कधी पॉझिटिव्ह येतात आणि मग एका कागदापायी बाई आयुष्यभर संधिवाताची रुग्ण होऊन बसते.

आपल्या मातीची म्हणून काही कारणं आहेत, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकात ठळक सापडणार नाहीत. नांदेड जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. किनवटकडची बाई अंग आखडलं म्हणाली तर तिचे दात बघ, गावातल्या लेकरांचे दात कसे आहेत विचार. चिकुनगुनिया झाला होता का, हेही विचार. 2006 च्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. रक्त कमी असणं तर आपल्याकडे घरोघरी आहे. हे सगळं आधी दुरुस्त कर आणि तरीही दुखणं उरतं का ते बघ.

खेड्यातल्या अशा दुखण्याचा नीट अभ्यास महाराष्ट्रात झालेला आहे, हे तुला माहीत असावं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं, तेव्हा सुमारे 18 टक्क्यांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचा त्रास निघाला. खरा आमवात मात्र पाहणीतल्या सगळ्यांपैकी अर्ध्या टक्क्याला. झिजलेले सांधे आणि स्नायू-शिरांचं दुखणं यांचाच भरणा मोठा होता. म्हणजे तुझ्या ओपीडीत अंगदुखी घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या एक्स-रेत उत्तर नसणारच.

मग हे दुखणं असतं कुठे? ते मेंदू आणि मज्जारज्जूच्या कामकाजात असतं. 2002 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. निरोगी माणसाला जेवढं दुखायला लागतं त्याच्या जवळपास निम्म्या दाबातच रुग्णांना तेवढं दुखत होतं, आणि मेंदूतली दुखण्याची केंद्रंही तशीच पेटलेली दिसत होती. या रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात 'सबस्टन्स पी' हे वेदना वाहून नेणारं द्रव्य जास्त असतं, हे त्याआधीच कळलं होतं. नाटक करून मणक्यातलं पाणी बदलता येत नाही. ही गोष्ट मी सहकाऱ्यांना मुद्दाम सांगतो, कारण "ही मानसिक केस आहे" असं म्हणून हात झटकणारे डॉक्टर आपल्यातही आहेत. रुग्णाला मात्र इतकंच सांगायचं: गावात सप्ताह असतो, लाउडस्पीकरचं बटण कुणी तरी मोठं करून ठेवतं आणि साधं बोलणंही कानठळ्या बसवतं. तुमच्या नसांचं तसंच झालंय. बटण हळूहळू कमी करता येतं.

ते बटण मोठं कशाने झालं, हे प्रत्येकीला विचारावं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक वर्षं औसा-निलंग्याकडची माणसं सगळं अंग दुखतं म्हणून माझ्याकडे यायची, आणि घरातली किती माणसं गेली ते फार उशिरा, विचारल्यावरच सांगायची. प्रत्येकाला फायब्रोमायल्जिया होता असं मी म्हणत नाही. पण मोठा आघात, कर्ज, घरातली मारहाण, तरुण नवऱ्याची आत्महत्या या गोष्टी शरीरात दुखणं होऊन राहतात. उदासीनता हा वेगळा आजार आहे, तरी दोन्ही एकत्र खूपदा सापडतात. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार मनात येत नसतो. टेलिमानस मदतवाहिनीचा 14416 हा नंबर केसपेपरवर लिहून देत जा.

दुखण्याचा शोध चुकीच्या जागी घेतला की काय होतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसलं. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कोयत्याची मजुरी, उचल, पाळीत खाडा पडण्याची भीती अशी त्याची कारणं बरीच आहेत. पण कंबर आणि ओटीपोट दुखतं म्हणून पिशवी काढली आणि दुखणं तसंच राहिलं, अशा बाया तुझ्याकडेही येतील. आणखी एखादं ऑपरेशन कुणी सुचवलं असेल तर ते थांबवणं हेही तुझं काम आहे.

उपचारांपैकी सगळ्यात अवघड तेच आधी सांगतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सगळे उपचार तपासले आणि ठाम शिफारस फक्त एका गोष्टीची केली: व्यायाम. तू हे सांगशील आणि बाई म्हणेल, "दिवसभर रानात राबते, आणखी कसला व्यायाम करू?" तिचं म्हणणं रास्त आहे, ते हसून सोडू नकोस. सोयाबीन काढताना ती तासन्‌तास वाकलेली असते, तेच स्नायू ताणलेले, वेग मुकादमाचा. बरं वाटलं त्या दिवशी ती तीन दिवसांचं काम उरकते आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळते. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या सांग. कामाचे तुकडे पाडायचे, बऱ्या दिवशीही हात राखून काम करायचं. आणि सकाळी किंवा संध्याकाळी डोक्यावर ओझं नाही, कडेवर लेकरू नाही, असं दहा मिनिटं सरळ रस्त्याने चालायचं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यायचं. पहिले पंधरा दिवस दुखणं थोडं वाढेल, हे आधीच बजाव, नाही तर ती घाबरून सोडून देते. एकटी बाई रस्त्याने नुसती चालली की गाव बोलतं. बचत गटातल्या चौघी मिळून चालल्या तर कुणी बोलत नाही. हे जुळवायला तुझ्या आशाताई तुझ्यापेक्षा हुशार आहेत.

झोपेकडे तितकंच लक्ष दे. 1975 च्या सुमारास कॅनडात मोल्डोफ्स्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मोडून पाहिली, तर काही दिवसांतच त्यांचं अंग दुखायला लागलं. आपल्याकडे शेताला वीज रात्री येते, नळाला पाणी अवेळी येतं, बाईची झोप दोन-तीनदा मोडते. घरातल्या माणसांना बोलावून हे समजावून सांग. नवरा आणि सासू दोघांनाही समोर बसव आणि दुखणं खरं आहे, हे त्यांच्या देखत बोल. रात्रीची मिशरी आणि उशिराचा चहा बंद.

औषध दुय्यम, पण उपयोगी. अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम, झोपायच्या दोन तास आधी. सोसलं तर 25 पर्यंत. ते स्वस्त आहे आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. काचबिंदू, लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर देऊ नकोस. उदासीनता सोबत असेल तर ड्युलॉक्सेटिन, झोप फारच मोडत असेल तर रात्री प्रिगॅबालिन. त्याने वजन वाढतं, गुंगी येते, पाय सुजतात. या तिन्हींची एकदम मोट बांधू नकोस. वेदनाशामक गोळ्या रोजच्या नकोत, अफूवर्गीय औषधं नकोतच.

दुखणं पूर्ण जाईल असं वचन देऊ नकोस. तिसऱ्या हिश्शाने कमी झालं, रात्री सलग झोप लागली, भाकरी थापताना थांबावं लागलं नाही, तर उपचार लागू पडलाय असं समज आणि तिलाही तसं सांग.

एवढं मात्र माझं ऐक. तिच्या केसपेपरवर 'बॉडीएक' लिहून बी-कॉम्प्लेक्स देऊ नकोस. फायब्रोमायल्जिया असं पूर्ण लिही, औषधाच्या वर चालण्याची मिनिटं लिही आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकून तिला पुन्हा बोलाव.

तुझा
काका